निळ्या गाडीचे इंजिन जिचे तिला परत मिळण्याबाबत

मी, एर्लिंडा माएस्तास, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, राहणार एस्पान्योला, न्यू मेक्सिको, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे आणि स्मरणशक्ती नको इतकी चांगली आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. डोक्याला ताप आहे, पण तो लग्नापासूनचा आहे आणि त्याने दस्तऐवज रद्द होत नाही, हे मी वकिलाला विचारून घेतले आहे.

लिहिण्याचे कारण असे की ईस्टर झाला की आल्बुकर्कीच्या इस्पितळात माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. नवी झडप डुकराची आहे. डॉक्टर म्हणाले, माणसाला ती व्यवस्थित बसते. माझा नवरा क्लेओफास शेजारीच बसला होता. त्याने विचारले, "कुठल्या सालचं डुक्कर?" डॉक्टर हसले. मी हसले नाही, कारण तो खरेच विचारत होता.

कलम पहिले. राहते घर माझ्या वडिलांनी मातीच्या विटा स्वतः पाडून बांधले. ते माझ्यामागे आमची एकुलती मुलगी नाझारिया हिचे. क्लेओफासला त्यात हयातभर राहता येईल, परंतु कलम सहावे पाळले तरच. नाझारिया, तुझा बाप रडवेला चेहरा करील. तू विरघळू नकोस.

कलम दुसरे. टॉर्टिया भाजायचा माझा बिडाचा तवा आणि मिरच्या भाजायचे पिंप शेजारीण प्रिस्किला लुहान हिला द्यावे. ते तसेही सप्टेंबरपासून तिच्याकडेच आहे. सासूबाईंनी लग्नात दिलेली गोधडी नणंदेकडे परत पाठवावी. एकदाही वापरलेली नाही. बँकेत जे निघेल ते नाझारियाचे. त्यावरून कोणी भांडावे इतके ते नाही.

कलम तिसरे. आता गाड्या. आमच्या अंगणात दोन इम्पाला आहेत, दोन्ही चौसष्ट सालच्या. लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून चालते ती क्लेओफासची. निळी, चार दारांची, जर्दाळूच्या झाडाखाली विटांवर उभी आहे ती माझी. माझ्या पगारातून घेतलेली, कागदपत्रे माझ्या नावावर. आमच्या या खोऱ्यात दोन दारांच्या गाडीला गाडी म्हणतात आणि चार दारांच्या गाडीला सुटे भाग म्हणतात. रविवारी चर्चमधली मिसा संपल्यावर पुरुषमंडळी आमच्या फाटकाशी उभी राहून माझ्या गाडीकडे बघत, ते खाटकाने शेळीकडे बघावे तसे.

माझ्या गाडीने मुलीला शाळेत नेले, आईला दवाखान्यात नेले, मिरच्यांची पोती वाहिली. क्लेओफासची गाडी सणासुदीला रस्त्यावर यायची आणि उरलेले वर्षभर तिला काहीतरी हवे असायचे. ते शोधण्याचे काम माझ्या गळ्यात, कारण अनोळखी माणसांशी फोनवर बोलायला क्लेओफासला संकोच वाटतो. मी शाळेतल्या सव्वाशे पोरांना वाढून घरी यायची आणि फोनला बसायची. त्याच कंपनीच्या बेल एअर गाडीचे पुढचे मडगार्ड इम्पालाला चालते, बिस्केनचेही चालते. पुढची जाळी मात्र चौसष्टचीच लागते. मागचे दिवे दोन्हीकडे तीन-तीन असतील तर हो म्हणायचे, दोन-दोन असतील तर आभार मानून फोन ठेवायचा. हे ज्ञान मला नको होते. आता ते डोक्यातून जात नाही, आणि नातेवाइकांचे वाढदिवस आठवत नाहीत.

एवढे करून, कोलोरॅडोपर्यंतचे भंगारवाले पालथे घालून, शेवटी व्हायचे काय? क्लेओफास खिडकीतून जर्दाळूच्या झाडाकडे बघायचा आणि म्हणायचा, "अगं, तुझीचं बसतं की."

असे पहिले मडगार्ड गेले. मग दुसरे, कारण रंग जुळेना. मग बंपर. मग बॉनेट. त्या बॉनेटवर आमचा शेजारी ओनेसिमो लुहान याने ग्वादालुपेची मरियामाउली रंगवली. ओनेसिमोचा हात चांगला आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण क्लेओफासने त्याला नमुना म्हणून स्वतःच्या आईचा फोटो दिला. त्यामुळे माउलीला माझ्या सासूबाईंचे नाक आहे, आणि माझ्या टॉर्टिया जाड होतात हे सांगणारी त्यांची नजरही आहे. लोक माझ्या बॉनेटपुढे उभे राहून क्रुसाची खूण करतात. ओनेसिमो साक्षीदार म्हणून सही करायला येणार आहे. त्याने हे कलम नीट वाचावे.

कलम चौथे. इंजिन. एक्याण्णव सालचा गुड फ्रायडे जवळ आला होता. त्या दिवशी चिमायोच्या देवळाकडे पायी जाणाऱ्यांच्या वाटेवर आमच्याकडचे सगळे आपापल्या गाड्या मिरवतात. लाल गाडी धूर ओकत होती.

"मिरवणुकीपुरतं दे ना," क्लेओफास म्हणाला. "सोमवारी परत बसवतो."

"कुठल्या सोमवारी?"

"ईस्टरनंतरच्या. माउलीची शपथ."

"कुठल्या माउलीची? खऱ्या, की तुझ्या आईची?"

इंजिन गेले, त्याच्याबरोबर गिअरबॉक्स गेला. ईस्टर झाला, सोमवार झाला. लाल गाडीच्या जुन्या इंजिनाचा क्लेओफासने अंगणात ठोकळा करून ठेवला आणि त्यावर कोंबड्या बसू लागल्या.

त्याच वर्षी पानगळीत माझी बहीण रोसेंडा अलामोसाला शेवटच्या दुखण्यात पडली. तिच्या शेजारणीचा फोन आला की ती माझे नाव घेते आहे. अलामोसा इथून उत्तरेला दोन-अडीच तासांवर. माझी गाडी चालती असती तर मी चूल तशीच टाकून निघाले असते. क्लेओफास म्हणाला, "उद्या नेतो, कार्ब्युरेटर उघडलाय." दुसऱ्या दिवशी एक वायसर यायचा होता, तो पोस्टातून यायचा होता, तेव्हा पुन्हा उद्या. शेजाऱ्यांना मी विचारले नाही. ज्या बाईच्या अंगणात दोन गाड्या उभ्या आहेत, तिने दुसऱ्याच्या दारात गाडी मागायला कसे जायचे? आम्ही पोहोचलो तेव्हा रोसेंडाच्या अंगणात सांत्वनाला येणाऱ्यांसाठी खुर्च्या मांडून झाल्या होत्या.

मला याचा राग आहे. अठरा वर्षांत तो कमी झालेला नाही. तो मी कोणाच्याही नावे करत नाही, तो माझ्याबरोबर जाईल.

कलम पाचवे. माझ्या पलंगाखाली घोंगडीत गुंडाळलेली एक काच आहे. ती निळ्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराची. मूळची गारपिटीत फुटली. दोन दारांच्या गाडीसाठी आता सगळे नवेकोरे बनते, घरपोच येते. चार दारांच्या गाडीचे मागचे दार मात्र कोणी विचारतही नाही, कारण तशा गाड्या ठिकठिकाणच्या क्लेओफासांनी केव्हाच कापून खाल्ल्या. मी ही काच शोधत किती फोन केले ते देवाला ठाऊक. शेवटी मोराकडच्या एका माणसाने सांगितले की त्याने बेल एअरची दारे शेळ्यांच्या कुंपणाला लावली आहेत. प्रिस्किलाच्या ट्रकमधून आम्ही दोघी गेलो. काच वर केलेली होती आणि आतून एक शेळी आमच्याकडे बघत होती. त्या माणसाने दार उघडून दिले, शेळीने वाट दिली. चौसष्टच्या चार दारांच्या गाडीचे दार बेल एअरचे असो की इम्पालाचे, काच एकच. ती कोणी फोडल्यास त्याचे नाव या मृत्युपत्रातून काढावे.

कलम सहावे. मी शस्त्रक्रियेतून उठले नाही तर पुढीलप्रमाणे करावे. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचे बंपर, दोन्ही मडगार्ड आणि सासूबाईंसकट बॉनेट लाल गाडीतून काढून निळ्या गाडीत बसवावे. माझे दहन करावे. शवपेटी चार दारांच्या गाडीतही मावत नाही, मी मापून पाहिले आहे. माझी राख पुढच्या सीटवर ठेवून त्याच गाडीने अलामोसाला न्यावी आणि रोसेंडाशेजारी पुरावी. गाडी तयार होईपर्यंत राखेचा डबा लाल गाडीच्या बॉनेटवर ठेवावा, सासूबाईंच्या नजरेसमोर, म्हणजे काम लवकर उरकेल. हे न केल्यास क्लेओफासने नाझारियाच्या परवानगीने कोंबड्यांच्या खुराड्यात राहावे.

गेल्या आठवड्यात मी त्याला जिवंतपणीही विचारून पाहिले होते. जेवताना म्हटले, "तुझ्या गाडीत दुसरं इंजिन घाल आणि माझं मला दे. अलामोसाला एकदा जाऊन येते."

"आता तिला तेच अंगवळणी पडलंय गं. दुसरं मानवायचं नाही तिला."

"मला डुकराची झडप मानवते, आणि तुझ्या गाडीला दुसरं इंजिन मानवत नाही?"

त्याने पोसोलेची वाटी जवळ ओढली आणि मक्याचे दाणे चमच्याने एका बाजूला करत बसला. म्हणून हे कायद्याच्या भाषेत लिहावे लागले.

कलम सातवे. वरील मजकूर मी काल लिहून साखरेच्या डब्याखाली ठेवला आणि जपमाळेला चर्चमध्ये गेले. परत आले तेव्हा कागद डब्याखालीच होते, पण डब्यावरचे चित्र भिंतीकडे वळलेले होते. आज सकाळपासून अंगणात साखळीचा आवाज येत आहे आणि ओनेसिमो कोणाला तरी "हळू, हळू" म्हणत आहे.

आत्ताच क्लेओफास आत आला. कोपरापर्यंत काळा.

"तू इंजिन लिहिलंस, गिअरबॉक्स लिहिलास, मडगार्डं लिहिलीस," तो म्हणाला. "रेडिएटर विसरलीस."

"रेडिएटर माझा आहे?"

"त्र्याण्णव साली काढला. तू रोसेंडाच्या स्मरणाच्या मिसाला गेली होतीस. सांगीन सांगीन म्हणत राहून गेलं."

मी पेन खाली ठेवले. तो दारातच उभा राहिला, आत आला असता तर फरशी काळी झाली असती, एवढे तरी त्याला कळते.

"तेव्हा मी उद्या म्हणालो," तो म्हणाला. "रोसेंडाच्या वेळी. रोज आठवतं मला. नंतर कितीदा वाटलं, बसवून टाकावं तुझं इंजिन. पण मग वाटायचं, गाडी चालू झाली की तू जाशील. आणि परत कशाला येशील?"

"चूल कोणाच्या भरवशावर कायमची टाकून गेले असते, वेड्या?"

"ते मला कुठं माहीत?"

त्याला खरेच माहीत नव्हते. एकाच छपराखाली इतकी वर्षे राहून हा माणूस प्रत्येक सालचा प्रत्येक नट ओळखतो आणि एवढे त्याला माहीत नव्हते. मला रडू आले, आणि त्याचाही राग आला. तर रेडिएटर कलम सहाव्यात वाढवण्यात येत आहे.

गुड फ्रायडे परवावर आला आहे आणि लाल गाडीच्या पोटात इंजिन नाही. क्लेओफास यंदा मिरवणार नाही, हे तो स्वतःहून बोललेला नाही, पण मला दिसते आहे. तरीही हे मृत्युपत्र मी मागे घेत नाही. इंजिन या क्षणी साखळीला लटकते आहे, आणि मी पूर्वी एका सोमवारवर विश्वास ठेवला होता.

काच क्लेओफासने पलंगाखालून स्वतः काढून नेली, दोन्ही हातांनी, घोंगडीसकट. सगळे जागेवर बसले तर शनिवारी मी जिवंतपणीच अलामोसाला जाईन आणि रोसेंडाला उशीर झाल्याचे सांगेन. गाडी मी चालवणार. सासूबाई बॉनेटवर असतील, त्याला इलाज नाही. शेजारची सीट रोसेंडाच्या फुलांसाठी. क्लेओफासला यायचे असल्यास यावे. त्याला बसायला मागे दोन दारे आहेत.

साक्षीदार: ओनेसिमो लुहान आणि प्रिस्किला लुहान. दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. ओनेसिमोने कलम तिसरे वाचले आणि नाक लहान करून देतो म्हणाला. सह्यांभोवतीचे काळे डाग खाडाखोड नसून ग्रीसचे आहेत. ते कोणी पुसू नयेत.

सही: एर्लिंडा माएस्तास
एस्पान्योला, पवित्र आठवड्यातला बुधवार, ८ एप्रिल २००९