ॲड्रियनचा फेव्हरिट बँड

सोमवार, ३ फेब्रुवारी

"टा."

दिवसभरात एवढंच. चहा हवा — टा. पंखा लाव — टा. माझ्यावर भडकला — टा टा टा! ज्या माणसाने चर्चमधल्या हाउझीच्या प्रत्येक खेळात आकडे पुकारायला माइक धरून लोकांचं डोकं उठवलं, त्याच्याकडे एक अक्षर उरलंय. डॉक्टर म्हणाले, स्ट्रोक मोठा होता, हातपाय सुधारतील, बोलण्याचं सांगता येत नाही. सांगता येत नाही! मग डॉक्टर कशाला झालास बाबा?

"नवरा आहेस की रिक्षाचा हॉर्न?" तोंडावरच विचारलं ॲड्रियनला. हसला, अर्ध्या तोंडाने. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

श्रुतिका आली होती — त्याला बोलायला शिकवते ती मुलगी. म्हणाली, "काकू, कधी कधी बोलता येत नाही पण गाता येतं. काकांची जिवाभावाची गाणी लावा. तरुणपणातली. पहिले काही महिने फार महत्त्वाचे असतात."

जिवाभावाची? विचारायचंच काय! ग्रे टेलिफोन्स! इंग्लंडातली चार बेकार पोरं, ढीगभर सिंथेसायझर आणि जेल लावून उभे केलेले केस. कॉलेजात माझ्याकडे त्यांची कॅसेट होती, अंधेरीच्या एका दुकानातून भरून घेतलेली. कँटीनमध्ये मैत्रिणींना मिरवून दाखवत होते, तर हा अंधेरीतल्याच आंबोली गावठाणातला ईस्ट इंडियन दांडगट मध्येच घुसला — "माझा पण फेव्हरिट बँड!" तिथून सुरू झालं सगळं. माझ्या आईने अंथरूण धरलं, त्याच्या घरी अबोला, शेवटी कोर्ट मॅरेज.

कॅसेट बुरशी लागून केव्हाच गेली. बंगळुरूला बेलाला फोन केला — पोरी, काहीतरी कर.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

लेक कुणाची! त्यांच्या अगदी सुरुवातीच्या गाण्यांचा संच नुकताच निघालाय म्हणे. गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलेली, कधी बाहेरच न आलेली, फेकून दिलेली. बेलाने फोनवर पाठवली. स्पीकर जोडायलाही शिकवलं, "आई, निळं बटण गं, निळं!" करत.

झकास! पण इथे खरं लिहायला हरकत नाही — भयंकर आहेत. फेकली होती ती उगाच नाही. ड्रम म्हणजे आमचा मिक्सर. शेजारच्या सुंदराबाई दारात हजर, "काय गं, सकाळपासून खोबरंच वाटतेयस?"

आणि आमचं 'जाऊ दे'! कॅसेटवर तो गोरा स्वच्छ 'जाऊ दे, जाऊ दे' म्हणायचा. भांडण झालं की ॲड्रियन नाक दाबून तेच गायचा, मग मला हसू फुटायचं. आज त्याचंच हे पहिलं, कच्चं रेकॉर्डिंग नीट ऐकलं तर — 'जूडी'! कुठलीशी जूडी! म्हणजे इतकी वर्षं आमच्या संसारात ही बाई होती!

ॲड्रियनला सांगितलं. टा.

रविवार, ९ फेब्रुवारी

नणंद आली, जोॲन. आंबोलीहून बोंबलांचं कालवण घेऊन. चप्पल काढायच्या आत सुरू — "काय गो हे? मना तर कोण लोखंड कापतंय असंच वाटलं! आपली लग्नातली गाणी लाव की त्याला. उंबराचं पाणी आणताना म्हणतात ती. लहानपणी त्याला सगळी पाठ होती."

म्हटलं, "जोॲन, माझ्या नवऱ्याची आवड मला कळते."

"त्याला विचारलंस?"

"काय विचारू? काहीही विचारलं तरी टा!"

फणकाऱ्याने निघून गेली. कालवण मात्र फर्स्टक्लास होतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

टा.

शनिवार, १५ फेब्रुवारी

श्रुतिकाने विचारलं, "काही प्रतिसाद?" आहे ना! गाणी लागली की डोळे गच्च मिटतो, जबडा आवळतो, डाव्या हाताची मूठ वळते. भावना दाटून येत असणार बिचाऱ्याच्या. मी आवाज वाढवते.

पण शब्द नाही. मला भीती वाटतेय. हात नाही चालला तर भरवीन मी. चालता नाही आलं तर खुर्चीवरून फिरवीन. पण हा बोललाच नाही तर? बडबड्या माणसाशी लग्न केलं मी. घरात शिरल्यापासून झोपेपर्यंत तोंड चालू — गप्प बस म्हणून म्हणून माझा घसा सुकायचा. आता तो खरंच गप्प आहे आणि मला हे घर सहन होत नाही. मला त्याचा आवाज हवाय. बस.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बोलला!!!

जूडी लावली होती, आवाज फुल. मी ओट्यापाशी पोळ्या लाटत नाचत होते. पाठीमागून घोगरा आवाज — "बंद कर गो!"

लाटणं पडलं हातातून. वळले तर लालबुंद, घामाने निथळलेला. एकेक शब्द ओढून काढत होता. "मना... नाय... आवडत."

मी आधी गाणं बंद केलं. "कधीपासून?"

बराच वेळ तोंड नुसतं हललं. मग आला शब्द.

"पयल्यापासून."