लातूरची जागा

सोमवार, ३ फेब्रुवारी. नांदेड.
मुलाखतीचं बोलावणं आलं. लातूरला फौजदारी न्यायाचा नवा विभाग निघतोय. प्राध्यापकाची जागा एकच. समितीपुढं एक व्याख्यान देऊन दाखवायचं.
दुपारी शिवराजचा फोन (यापुढं शि.). एलएलएमला एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर भात शिजवला. "माधवराव, मलाबी आलंय बोलावणं. लॉजबिज करायचं न्हाई, आदल्या दिवशी सरळ घरी यायचं." हो म्हणालो. फोन ठेवल्यावर चहा कडू लागला.

बुध., ५ फेब्रु.
शि. टीव्हीवर. कुठं खून झाला की चॅनेलवाले त्याला बसवतात. कपाळावर भस्माचे पट्टे, आणि तो आवाज. सुमन भाजी निवडता निवडता थांबली. "भावजी किती छान बोलतेत." मी म्हणालो, आवाज वाढव. म्हणायचं होतं, बंद कर.
वीसेक वर्षं शिकवतोय. माझ्या वर्गातली पोरं फौजदार झाली, सरकारी वकील झाली. मी सहयोगी प्राध्यापकच. गावच्या शाळेत पाठांतरात माझा पहिला नंबर असायचा, टाळ्या मात्र भाषणवाल्या पोराला. तेच चालू आहे.

शनि., ८ फेब्रु.
तयारी. नवी न्याय संहिता आल्यापासून सगळे आकडे बदलले. ३०२ म्हणजे खून, हे शेंबड्या पोरालाही पाठ. आता खुनाच्या शिक्षेचं कलम १०३. आणि नव्यात ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूनं बोललेले शब्द! पोलीस, वकील, सगळे अजून जुनंच बोलतात. मी पूजेनंतर रोज थोडी थोडी कलमं नव्यानं पाठ केली. यात मला कुणी हरवणार नाही.
(गर्व झाला. महादेवा, माफ कर. पण खरं आहे.)

मंगळ., ११ फेब्रु. लातूर.
संध्याकाळी शि.नं बैठकीत उभं राहून सगळं व्याख्यान मला करून दाखवलं. खून आणि सदोष मनुष्यवध. काय बोलतो! मीच क्षणभर विद्यार्थी झालो. आणि बोलण्याच्या भरात म्हणाला, ३०२. पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदाही. जिभेची जुनी सवय.
"कसं झालं? खरं सांग."
"झकास," म्हणालो.
जेवायला शेंगापोळी. महादेवी वहिनी वाढतच होत्या, "भावजी, लाजू नका." समितीत नव्या कायद्याचे जाणकार असणार. ते त्याला तिथंच धरणार. मी फक्त गप्प बसायचं आहे.

बुध., १२ फेब्रु. लातूर–नांदेड बस.
सकाळी शि. तळहातावर इष्टलिंग घेऊन बसला होता, डोळे मिटून. शेजारी माझ्यासाठीही पाट मांडलेला. बसलो. मन लागलं नाही.
निघताना वहिनींनी दोघांच्या हातावर दही-साखर ठेवली. "दोघांचंबी चांगलं होऊ द्या." जागा एकच आहे, हे त्यांना माहीत आहे.
फाटकात तो गाडी काढत होता. तोंडातून निघून गेलं, "तू ३०२ म्हणतोयस. आता १०३ हाय."
"आयला! काल किती वेळा म्हणलो?"
"तीनदा."
"मग काल का न्हाई सांगितलंस?"
मी काही बोलायच्या आत त्यानंच किक मारली. "बस लेका, उशीर होईल."
त्याचा नंबर आधी. मी बाहेर बाकावर. आतून आवाज: "आज सकाळपर्यंत मी प्रत्येक खुन्याला देवाधर्माबद्दल वाईट बोलल्याची शिक्षा देत होतो. मित्रानं फाटकात अडवलं म्हणून वाचलो." हशा. नंतर आणखी एकदा हशा.
माझ्या व्याख्यानात एकही चूक नव्हती. कुणी हसलंही नाही. एका सदस्यानं घड्याळ पाहिलं. मग चहा आला.

शुक्र., १४ फेब्रु. नांदेड.
सांगितलं नसतं तर? वर्गात, जेवताना, आंघोळ करताना, हेच.
सांगितल्याचं पुण्यही लागायचं नाही. पस्तावतोय ना.

गुरु., २० फेब्रु.
शि.चा फोन. पक्कं नाही, पण त्याचंच नाव वर आहे असं ऐकू येतं. "माझं झालं तर एक सहयोगीची जागाबी निघणार हाय. तू ये. नवी कलमं मला कोण सांगणार, राव?"
मनापासून म्हणाला. तेच वाईट. टोमणा असता तर भांडता आलं असतं.
सुमन म्हणाली, "जावा की. लातूर काय परमुलूख हाय का?"
"त्याच्या हाताखाली?"
"रोज देवापुढं वाकता की."
"शिवराज देव न्हाई."
"मग एवढं मनाला का लावून घेऊन राहिलात?"
उठून अंगणात गेलो.

बुध., २६ फेब्रु. महाशिवरात्र.
निकाल नाही. शि.ला उत्तर दिलेलं नाही. त्याचा सकाळी मिस्ड कॉल.
उपास. बेल घेऊन रांगेत उभा राहिलो. त्याचं नाव कटू दे, असं पिंडीपुढं मागणार कसं? त्याचं होऊ दे, हेही ओठावर येईना. मग माझं काय, तेवढं तरी विचारावं, तर शब्द जुळेनात. बेल हातातच. मागून एक बाई ओरडली, "ओ मामा, वाहा की काय वाहायचं ते! सगळी लाईन थांबून राहिलीय तुमच्यासाठी."