विहीर सत्याग्रह, टप्पा पहिला

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदनाहून येताना संकल्प केला. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, आता गावासाठी जगायचं. मार्ग: विज्ञान अधिक अहिंसा. दोन्ही मला येतात. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि छडी क्वचितच वापरली.
समोरच्या जनकाबाईच्या नातीचं, पूनमचं, पोट महिन्यात तिसऱ्यांदा बिघडलंय. ती मंडळी गल्लीतल्या सार्वजनिक विहिरीचं पाणी पितात. (आम्ही कॅन लावलाय.) त्या पाण्याची तपासणीची बाटली भरून ठेवली. पाणी काळं पडलं तर मैला मिसळतोय.

२८ जानेवारी
काळंकुट्ट! मन खिन्न झालं, पण उत्साह वाढला.
आरोपी उघड आहे. उकंडरावचा गोठा, विहिरीपासून चाळीस फूट. दुसरं जवळ काहीच नाही. आमचा संडास बारा फुटांवर आहे, पण तो आधुनिक, दिवाळीतच बांधलेला. शोषखड्ड्याचं डिझाइन माझं. ज्ञानेश्वर गवंडी तेव्हा कुरकुरत होता, "सर, लई जवळ होऊन राह्यलं." माती गाळणीचं काम कसं करते ते त्याला आकृती काढून समजावलं. बिचाऱ्याचं शिक्षण सातवी.

२९ जानेवारी
उकंडरावला लेखी नोटीस. गोठा हलवा, नाहीतर उद्यापासून तुमच्या दारात बेमुदत उपोषण. तो म्हणाला, "गुरुजी, गोठा माह्या बापाच्या वक्ताचा हाय. मंग पानी यंदाच काऊन नासलं?" अशास्त्रीय प्रश्न. दुर्लक्ष केलं.
घरी बायकोने, सुलभानेही हाच प्रश्न विचारला. तिच्याकडेही.

३० जानेवारी, गुरुवार. हुतात्मा दिन
स. ८.०० वजन ७१ किलो. उकंडरावच्या दारात बसलो.
१०.१५ भूक. सहन करतोय.
११.०० त्याची बायको विमलबाई साबुदाण्याची उसळ घेऊन आली. आज गजानन महाराजांचा वार, म्हणून उपासाचंच केलं म्हणते. दारातला माणूस उपाशी ठेवला तर घराला लागतं म्हणे. नाकारली तर तिचं मन दुखावणार, म्हणजे हिंसाच. खाल्ली.
१२.३० शिंगाड्याचा शिरा. तत्त्व तेच.
२ ते ४ आत्मचिंतन, आडवं होऊन. उशी विमलबाईची.
सं. ६.०० वजन ७१.४. काटा जुना आहे.

१ फेब्रुवारी
विजय! तिसऱ्याच दिवशी उकंडरावने दोन्ही गाई आणि गोऱ्हा वावरात नेऊन बांधला. म्हणाला, "तुमचं वय झालं गुरुजी. माह्या दारात काही झालं तं?" हृदयपरिवर्तन म्हणतात ते हेच. आता त्याला दोन्ही वेळ धार काढायला तीन किलोमीटर सायकल मारावी लागेल. व्यायाम होईल.
सरपंच पुंजाजींच्या हस्ते लिंबू सरबत. फोटोत माझे डोळे मिटलेले. विहिरीचं पाणी आता बिनधास्त प्या, असं जनकाबाईला मी स्वतः जाऊन सांगितलं.

५ फेब्रुवारी
नवी बाटलीही काळी.
पूनमला मेहकरला अ‍ॅडमिट केलं, सलाइन लावलंय. जनकाबाई एवढंच म्हणाली, "गुरुजी, तुमी तं म्हने पानी साफ केलं." जुना मैला झिरपत असणार. जेवण गेलं नाही, दोनच भाकरी.

७ फेब्रुवारी
शाळेच्या लॅबमधून हिरवा रंग आणला. अगदी निरुपद्रवी. सांडपाण्यात टाकला की ते पाणी कुठे झिरपतं ते कळतं. गोठ्याच्या नालीत अर्धी बाटली, वरून दहा बादल्या पाणी. आता उकंडराव पुराव्यानिशी सापडणार.

९ फेब्रुवारी
विहिरीत रंगाचा टिपूस नाही. गोठा लबाड आहे.
उरलेला रंग आमच्या संडासात ओतला. केवळ तुलनेसाठी. चांगल्या प्रयोगात निर्दोष बाजूही तपासतात.

१० फेब्रुवारी
स. ६.३० विहीर पोपटी.
७.०० सगळी गल्ली जमली. उकंडराव म्हणाला, "कोनं काय टाकलं बे हिच्यात?" मी म्हणालो, अभ्यास करून सांगतो. निष्कर्ष तूर्त गोपनीय. शास्त्रज्ञाने घाई करू नये.
९.०० सुलभा संडासाला कुलूप लावून दारात बसली आहे. किल्ली पदराला. चहा नको, उसळ नको, पाणीसुद्धा नको. म्हणते, जनकाबाईला खरं काय ते सांगून या, मग उठते.
दु. १.०० ती अजून तिथेच. परिस्थिती बिकट, दोन्ही अर्थी अंगाशी आलेली.
सं. ५.०० गेलो शेवटी. पूनम परवाच घरी आली, मनगटं काडीसारखी झालीत. सांगितलं, खड्डा माझा, चूक माझी, गोठ्याचा काही संबंध नाही. फार लाज वाटली. मान वर होईना.
जनकाबाई नातीला म्हणाली, "पूनम, गुरुजीले पानी दे."
पेला हातात घेऊन बघत बसलो. ती म्हणाली, "प्या. उकंडरावच्या वावरातलं हाय. पोरगी दवाखान्यात गेली तवापासून थो धार काढून येतानी रोज दोन कॅन आनून राह्यला, सायकलवर."
प्यालो. नमुना घेतला नाही.