कोपरानं चालणारा टॅब

आई, तुझं कोपर जिंकलं गं! आधी हे सांगते, बाकीचं मागून. तू गेलीस तेव्हा आपल्या कासार आंबोलीत बटणांचे मोबाईलसुद्धा मोजक्याच घरांत होते, त्यामुळे टॅब म्हणजे काय हे तुला सांगायला हवं. शाळेतल्या पाटीएवढी काच असते. बोट लावलं की ती चित्रं दाखवते, गाणी लावते, हवापाणी सांगते. असल्या वस्तू दिसायला, धरायला कशा असाव्यात ते मी हिंजवडीच्या एका कंपनीत ठरवते. हो, याचाही पगार देतात!

यंदा साहेबांनी आमच्या टीमला विचारलं, दहा वर्षांनी टॅब कसा असावा? ज्याचा नमुना पसंत पडेल तोच कंपनी बनवणार. सगळ्यांनी कागदासारखे पातळ, घडी होणारे, चकाचक टॅब मांडले. माझ्या डोळ्यांपुढं मात्र आपलं स्वयंपाकघर. तू परातीत तांदळाची उकड मळतेयस, दोन्ही हात पिठानं भरलेले, आणि फळीवरच्या टेपचं जाडजूड बटण कोपरानं खटकन दाबतेस. दिवाही कोपरानंच. एकदा मी चिखलाच्या हातानं टेप लावला, तर केवढी कडाडलीस! "हात भरल्यात तर कोपर न्हाई व्हय तुला? देवानं काय शोभेला दिलंय ते?" मी भोकाड पसरलं. मग पिठाचे हात वर धरून तू मला कोपरांनीच जवळ ओढलंस.

म्हणून माझा टॅब जाड. धरायला रुंद कड, बांधावर ठेवला तरी न कलंडणारा, भर उन्हात अक्षरं दिसणारा. बोटांचे लाड नाहीत. बटणं रुंद; कोपर, मनगट, कशानंही दाबा, ओलं असो की चिखलाचं, त्याला दाब कळतो. पुण्यातला एक सहकारी म्हणाला, "हा टॅब आहे की जेवायला बसायचा पाट?" सगळे खो खो हसले. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, चला आमच्या भाताच्या खाचरात, तिथंच बघू.

आणि आले की गं सगळे, साहेबांसकट, भातलावणीच्या ऐन दिवसांत! दादाची बायको गुडघाभर चिखलात, हातांत रोपं. साहेब म्हणाले, "वहिनी, उद्या पाऊस किती ते यावर बघा." आधी त्या सहकाऱ्याचा पातळ टॅब. वहिनीनं बोट टेकलं, चिखल फासला, काच ढिम्म. "ह्यो झोपला वाटतं," ती म्हणाली. मग माझा. मी तिला काही शिकवलं नव्हतं, तुझी शप्पथ. रुंद बटण बघून तिनं रोपं न सोडता कोपर टेकवलं. खट! पावसाचा अंदाज समोर. दुसऱ्यांदा दाबलं तर गाणं लागलं. बाया ओरडल्या, "आमाला बी दे की गं!" साहेबांनी तिथंच बांधावर सांगून टाकलं, हाच बनवायचा. आणि तो पाटवाला? तो स्वतःच चिखलात उतरून कोपरानं गाणी बदलत बसला. मी लाजबीज सोडून भर खाचरात नाचले, आई.

हे सगळं त्याच टॅबवर लिहितेय. खाली 'पाठवा' असं बटण आहे, तुझ्या कोपराच्या मापाचं. ते दाबून जाणार कुठं? राहू दे तसंच. एक मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या फ्लॅटवर भाकऱ्या कोण थापतंय, हात कायम कोरडेच असतात. तरी संध्याकाळी घरात शिरल्यावर दिवा मी कोपरानंच लावते.