पान एकेचाळीस

९ ऑक्टोबर, केज
अहवाल एकदाचा छापून आला. विषय : ऊसतोडीचा दर कसा ठरतो. सौ. म्हणते, "मजुरांचा दर दोनदा बदलला, तुमचा अहवाल काही संपेना." पान ४१ तीनदा वाचलं. हंगामाआधी चार कारखाने एकत्र बसून तोडणीचा दर आपसात ठरवतात, आणि एकाची टोळी दुसऱ्याने घ्यायची नाही हेही ठरवतात. सगळ्यांना माहीत, पण पुरावा नव्हता कुणाकडे. मला सह्यांचा कागद बघायला मिळाला. आज खूश आहे, उगाच कशाला लपवू.

१४ ऑक्टो.
दगडूअण्णा आले, मजूर संघटनेचे. महिनाअखेरीस माजलगावला कारखानदारांशी दराची बैठक. "पान एकेचाळीस मी तितं वाचणार हाय सर. तुमी फकस्त शेजारी बसा." हो म्हणालो. बावीस वर्षं वर्गात मक्तेदारी शिकवतोय, पोरं जांभया देतात. निदान इथं तरी कुणी ऐकेल.

१७ ऑक्टो.
स्टँडवर एका कारखान्याचे शेतकी अधिकारी भेटले. हसून नमस्कार. "अहवाल वाचला सर. आपल्या तालुक्यात महिला मुकादम किती असतील हो?"

चहा तसाच टाकून घरी. पान ४१, तळटीप : 'माहिती देणारी मुकादम, स्त्री, केज तालुका.' नाव झाकलं, गाव झाकलं. आणि बाई असल्याचं लिहून मोकळा झालो, कारण साऱ्या अभ्यासात ती एकच बाई आणि मला मिरवायची हौस. टोळी घेऊन जाणारी बाई अख्ख्या तालुक्यात एकच, नांदूरघाटाकडची कौसाबाई. शेंबडं पोरही सांगेल. तिनेच कागदाचा फोटो काढू दिला होता. तिची अट एकच, ती कोण ते कुणाला कळता कामा नये.

गाढव आहे मी. डॉक्टरेट मिळवलेला गाढव.

१८ ऑक्टो.
कौ.बा. फोन उचलत नाही. चारदा केला.

२४ ऑक्टो.
शेवटी गेलो. तिच्या वस्तीवरच्या बाकीच्या टोळ्या ट्रकपुढे नारळ फोडून गेल्या. हिच्या टोळीचा ट्रक आलाच नाही. सहा दिवस बोचकी बांधून रस्त्याकडेला. पत्रे, चुलीचं सामान, दोन शेळ्या, खुराड्यात कोंबड्या. सगळे माझ्याकडे बघत होते. एकाने बसायला पोतं टाकलं, त्याची जास्त लाज वाटली.

कौ.बा. : "कशापायी आलात सर?"
तळटीप वाचून दाखवली.
"नाव घालू नका म्हणलं हुतं मी."
"नाव नाही घातलं."
"मग काय घातलं?"
अहवाल मिटून पिशवीत घातला.

तिची सासू म्हणाली, दुसऱ्या कारखान्याला जाऊ की. कौ.बा. : "कुणीबी घेत न्हाई, आत्याबाई. तेच तर ह्यांनी लिवलंय."

परतीच्या वाटेवर गाडी दोनदा बंद पडली. बरं झालं असं वाटलं.

२६ ऑक्टो.
अण्णांशी भांडण. पान ४१ वगळा म्हणालो. "एका टोळीपायी साऱ्या जिल्ह्याचा दर घालवता का? तुमी चूक केली, ती लोकांनी निस्तरायची व्हय?" त्यांचं चुकत नाही. ते पान नसेल तर बैठकीत नुसती विनवणी, दरवर्षीसारखी. आणि ते पान वाचलं तर कौ.बा.ला यंदाच काय, कधीच कुणी घेणार नाही. तिच्याबरोबर ती सगळी माणसंही घरी बसतील.

अण्णा जाताना : "तिला इचारलं का तुमी?"
नाही. पुन्हा नाहीच विचारलं.

२७ ऑक्टो.
सकाळीच वस्तीवर. आधी जे विचारायला हवं होतं ते आज विचारलं. बैठकीत ते पान वाचायचं का नाही? ती म्हणाली, "टोळीला इचारून सांगते." रागावली असती तर सोसलं असतं. शेवटी एवढंच, "बैठक किती वाजता हाय?"

२९ ऑक्टो., माजलगाव, दु. ३
बैठकीच्या खोलीबाहेर, बाकावर. दोन प्रती आणल्यात, एक पान ४१ सकट, एक त्याशिवाय. मान खाली घालून लिहितोय, म्हणजे कुणाकडे बघावं लागत नाही.

३.२०
कौ.बा. आली. बरोबर सासू. बाकीची टोळी फाटकाबाहेर उभी आहे. शेजारी बसून हळूच म्हणाली, "शेतकी सायबाचा फोन आलता. सरांनी खोटं लिवलं, मी काईच दावलं न्हाई, आसं आत म्हणायचं. मग सांजच्याला ट्रक येईल."
"आणि टोळी काय म्हणते?"
"निम्मे हे म्हणतेत, निम्मे ते. माज्यावर सोडलंय." मग म्हणाली, "मी तसं म्हणलं तर तुमचं काय व्हईल?"
नोकरी जाणार नाही, म्हणालो. नाव जाईल.
"माजं तर आदीच घातलंत तुमी."

भीती वाटते. तिच्यासाठी, आणि खरं लिहायचं तर स्वतःसाठीही. तसं म्हणा, म्हणणार होतो. त्याऐवजी दोन्ही प्रती तिच्यापुढे धरल्या.

तिने त्या घेतल्या. पहिली उघडून पान ४१ कुठलं ते विचारलं, मी दाखवलं, तिने तिथं बोट घालून ठेवलं. दुसरी सासूच्या हातात दिली. मी उठायला लागलो तर म्हणाली, "तुमी बसा."

३.४५
ती पानात बोट तसंच ठेवून आत गेली, सासू दुसरी प्रत घेऊन माझ्याशेजारी बाकावर. दार लावलंय. आत खुर्ची सरकल्याचा आवाज. अण्णा काहीतरी बोलले. आता तिचा आवाज येतोय. एकसारखी बोलतेय, शब्द कळत नाहीत.