पितळेसाठी ठेवलेले दहाचे बिट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा ड्रिलिंग आणि फिटिंग, लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले आणि मग दवाखान्याच्या दाराची कडी नीट बसत नाही, काय करावे, हेही विचारले. तिन्ही उत्तरे बरोबर आली. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली करत नाही. माझ्यावर दबाव आणील असे माणूस या गल्लीत उरलेले नाही. नऊ वर्षांपूर्वी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात एक वाक्य खोटे होते. ते कोणते, हे सातव्या कलमात येईल.

माझे लग्न झालेले नाही. जवळची माणसे तीन: धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची. भाऊ कुलपे दुरुस्त करतो, किल्ल्या बनवतो. चोवीस वर्षांत त्याने माझ्या कारखान्याचा उंबरठा ओलांडलेला नाही. लग्नकार्यात भेटलो तर तब्येत विचारतो, ताटे एका ओळीत असली तर मीठ पुढे सरकवतो. त्यापलीकडे बोलणे नाही.

कलम १. माझी राहती खोली आणि आतले सामान भाचीला द्यावे. भिंतीवर काही टांगायचे झाले तर तिने आधी भिंत बोटाने ठोकून पाहावी. पूर्वेची भिंत पोकळ विटांची आहे, तिथे ड्रिल मशीनचा हातोडा, म्हणजे ठोके देत फिरण्याची कळ, बंद ठेवावा, नाहीतर पलीकडच्या घरात डोकावता येईल. न्हाणीघराच्या फरशीला तर हातोडा अजिबात लावू नये. आधी ड्रिलच्या भाल्यासारख्या टोकाच्या बिटाने, पाणी टाकत, सावकाश फरशी पार करावी आणि मागे सिमेंट लागले की मगच भिंतीचे बिट लावावे. तिला घाईची सवय आहे. ती बापाकडून आलेली नाही, माझ्याकडून आली असावी.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून दवाखान्याचे देणे भागवावे, उरेल ते भाचीचे.

कलम ३. लाकडाची सर्व बिटे, म्हणजे ज्यांच्या टोकाला मधोमध सुई असते ती, समोरच्या सुताराला द्यावीत. ही सुई आधी लाकडात रुतते आणि बिटाला इकडेतिकडे सरकू देत नाही, म्हणून भोकाची कड स्वच्छ येते. सुताराला हे ठाऊक आहे, तरी आळसापायी तो लोखंडाच्याच बिटाने लाकडात भोके पाडतो आणि कड फाटली की लाकडाला शिव्या घालतो. मी त्याला वीस वर्षे सांगते आहे. आता बिटे फुकट मिळतील, तेव्हा सबब उरणार नाही.

कलम ४. भिंतीची आणि काँक्रीटची बिटे नळदुरुस्तीवाल्याला द्यावीत. यांच्या टोकाला एक कडक तुकडा बसवलेला असतो. ती कापत नाहीत, ठोकून ठोकून चुरा करतात. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त मास्तरांनी यातले आठ मिलिमीटरचे बिट "दोन मिनिटांत आणून देतो" म्हणून नेले आणि लोखंडी दारावर अर्धा तास चालवले. दाराला खळगासुद्धा पडला नाही. बिट निळे पडून परत आले आणि वर मास्तर मला म्हणाले, "बाई, तुमच्या मालात दम नाही." मास्तरांना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. मागायला आले तर हे कलम वाचून दाखवावे.

कलम ५. काचेची बिटे शेजारच्या काचवाल्याला, आणि माझी खुर्चीही त्यालाच. त्या दिवशी भावाला दवाखान्यात त्यानेच नेले होते.

कलम ६. पोलादाची आणि लोखंडाची बिटे, एक मिलिमीटरपासून तेरापर्यंत, अर्ध्या अर्ध्याच्या फरकाने, लाकडी खाचांच्या डब्यात आहेत. हा डबा आणि धार लावायचे चाक कारखान्याबरोबर जातील. ज्याला मिळेल त्याने एवढे ध्यानात ठेवावे की सोनेरी रंगाला भुलायचे नाही. पुष्कळदा तो नुसता वरचा मुलामा असतो, चार भोकांत उडतो. कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला मला सोनेरी बिट दाखवून "खास तुमच्यासाठी ठेवलंय" म्हणायचा. मी त्याच्यासमोर ते कानशीने घासले, तर कानस चालली. चांगल्या बिटावर कानस नुसती घसरते. तेव्हापासून तो मला खास काही दाखवत नाही.

बिट निवडण्याआधी समोरचा माल ओळखावा, हे वडिलांनी याच कारखान्यात आम्हा दोघा भावंडांना शिकवले. मशीनचा आवाज बदलला तर थांबावे, हेही त्यांनीच शिकवले. धार लावायला मात्र मी माझी मी शिकले आणि त्यात वडिलांच्याही पुढे गेले. याचा मला गर्व होता. बोथट बिट दिसले की माझ्या हाताला राहवत नसे.

कलम ७. पितळेच्या कामाची बिटे वेगळ्या पत्र्याच्या डब्यात आहेत. त्यांची गोष्ट उलटी असते. साधे धारदार बिट पितळेत लावले तर ते कापत बसत नाही, स्वतःच आत घुसते आणि जॉबला, म्हणजे खालच्या तुकड्याला, घट्ट पकडून फिरवते. म्हणून पितळेसाठी बिटाची धार दगडावर मुद्दाम थोडी मोडून ठेवतात. अनोळखी माणसाला ते बिट बोथट वाटते. आमच्याकडे लहान पितळी पट्ट्या शिकंज्यात, म्हणजे माल धरायच्या लोखंडी चापात, न आवळता हाताने धरायची पद्धत होती. पद्धत वाईट होती, पण धार मोडलेल्या बिटाखाली चालून जायची. वडील, भाऊ आणि मी, आम्ही तिघेही तसेच करायचो.

चोवीस वर्षांपूर्वी एका सोमवारी मी सकाळपासून धार लावत बसले होते. चाळीसएक बिटे झाली. टेबलावर पितळेचा डबा उघडा होता, त्यातले दहाचे मला बोथट दिसले. हात तंद्रीत होता. मी ते उचलले, चाकावर धरले, उत्तम धार लावली आणि परत त्याच्या खाचेत ठेवून दिले. डबा कसला आहे हे माझ्या मनातही आले नाही.

दुपारी भावाने त्याच डब्यातून दहाचे बिट घेतले आणि नेहमीप्रमाणे पट्टी हाताने धरली. बिटाने पट्टी पकडली आणि गरकन फिरवली. उजव्या हाताची दोन बोटे गेली.

काचवाला त्याला घेऊन गेला. मी एकटी मागे राहिले. मशीनमधले बिट काढून पाहिले, तर धार माझी होती. माझ्या हातची धार मी कुठेही ओळखीन. त्यानंतर मी जे केले ते तंद्रीत केले नाही. ते बिट पुसून लोखंडाच्या डब्यात ठेवले. तिथले मूळचे दहाचे घेतले, दगडावर त्याची धार मोडली आणि ते पितळेच्या डब्यात लावून ठेवले. वडील बाहेरून आले तोवर सगळे जागच्या जागी होते.

वडिलांनी पितळेचा डबा उघडला, दहाचे उचलून उजेडात धरले. मग दवाखान्यात जाऊन भावाला म्हणाले, "खोटं कशाला बोलतोस? पितळेचं बिट डब्यात आहे. तू लोखंडाचं लावलंस." तो म्हणाला, "बाबा, शपथ घेऊन सांगतो, पितळेच्याच डब्यातलं घेतलं." वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "घाईत चुकतं माणूस." हे वाक्य मी अगदी मायेने बोलले होते.

वडील म्हणाले, ज्याला डबा ओळखता येत नाही त्याने मशीनला हात लावायचा नाही. कारखाना माझ्या नावावर झाला. भाऊ डाव्या हाताने किल्ल्या घासायला शिकला. वडील गेले ते त्याला खोटारडा समजूनच गेले. नऊ वर्षांपूर्वीच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की भावाच्या निष्काळजीपणामुळे त्याला कारखान्यात वाटा देत नाही. ते वाक्य खोटे आहे. निष्काळजीपणा माझा होता आणि लबाडीही माझीच.

म्हणून कारखाना, उभे ड्रिल मशीन, चाक, शिकंजे आणि लोखंडाचे व पितळेचे दोन्ही डबे माझ्या धाकट्या भावाला द्यावेत. ही भरपाई नाही. भरपाई होत नाही हे मला कळते.

पुरवणी. वरचा मजकूर लिहून घेणाऱ्या वकीलबाईंनी तो मला वाचून दाखवला. सातव्या कलमापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मावशी, हे त्यांना तुमच्या माघारी कळणार. मग त्यांनी भांडायचं कुणाशी?" मी त्यांच्यावर चिडले. त्यांचे काम लिहायचे आहे, विचारायचे नाही, असेही बोलले. चार दिवसांनी मीच भावाला निरोप धाडला.

तो आज, वकीलबाई सह्यांसाठी आल्या असताना, आला. बसला नाही. चष्मा लावून पहिल्या पानापासून सगळे वाचले. मास्तरांच्या कलमाला थोडा हसला. सातवे कलम त्याने दोनदा वाचले.

"मी शपथ घेतली होती," तो म्हणाला. "पुढे पुढे मलाच वाटायला लागलं, ताई, की आपण चुकीचा डबा उघडला असेल. रात्रंदिवस तो डबा आठवून बघायचो. बायकोलासुद्धा सांगितलं, माझंच चुकलं."

"तुझं चुकलं नव्हतं," मी म्हटले. "मला माफ कर, असं म्हणायचीही लाज वाटते."

"मग नको म्हणूस. बाबांना कधी बोलली होतीस?"

"नाही."

त्याने पाने उलटून शेवटचे पान वर काढले. मग त्याने वकीलबाईंना विचारले, "साक्षीदार कोण आहेत?"

"डॉक्टर आणि माझे कारकून."

"कारकुनाला त्या दिवसाचं काय ठाऊक?"

"साक्षीदाराला मजकूर ठाऊक असावा लागत नाही, काका. आणि तुम्ही स्वतः सही करायचं म्हणत असाल तर करू नका. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. कारखाना हातचा जाईल."

"जाऊ दे," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "पोरीला विचार, तिला हवा असेल तर तिला दे. नसेल तर विकून टाक. मला काय करायचंय त्याचं? मला पेन दे."

कारखाना खरेच नको का, असे मी त्याला आणखी एकदा विचारले. तो रागावला, म्हणाला, "देतेस की जाऊ?" म्हणून सातव्या कलमाचा शेवटचा परिच्छेद असा बदलावा: कारखाना भाचीला, तिची इच्छा असल्यास, नसल्यास विकून रक्कम तिलाच. बाकी कलमात एक अक्षरही बदललेले नाही.

ठिकाण: माझ्या कारखान्यातले कामाचे टेबल.
दिनांक: चौदा, वार मंगळवार, दुपारी साडेबारा.

मृत्युपत्र करणारीची सही, प्रत्येक पानावर.

साक्षीदार पहिले: डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरे: बाईंचा धाकटा भाऊ. ताईने माझ्यासमोर सही केली. सगळा मजकूर मी वाचला आहे. ते दहाचे बिट मी पितळेच्याच डब्यातून घेतले होते. सही डाव्या हाताची.