जोडीतला कन्व्हर्टर

३ मार्च
आजपासून गॅरेजात कामाला. राहायला वरचा माळा मिळाला. कोरडा आहे, झाडून घेतला. मिस्त्रींनी माझी नखं पाहिली आणि म्हणाले, इतक्या स्वच्छ नखांचा माणूस कामचुकार तरी असतो नाहीतर नवरदेव तरी. काकू, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी, म्हणाल्या, पोराला आधी जेवू द्या, मग छळा. काकू मुलांना शाळेत नेणारी गाडी चालवतात. गाडी ऑटोमॅटिक आहे आणि तिचा गिअरबॉक्स गेलाय.

५ मार्च
भंगारवाल्याकडून वापरलेला गिअरबॉक्स आला, अपघातातल्या गाडीचा. सोबत त्याचा टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसतो, चपट्या भोपळ्यासारखा, आत तेल. मिस्त्रींनी बजावलं की बॉक्स ज्या गाडीचा, कन्व्हर्टर त्याच गाडीचा. जोडी तोडायची नाही, दोघं एकमेकांना घासून सरावलेले असतात. असं म्हणून काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, घासून घासून झिजले मीच.

६ मार्च
मिस्त्री सामान आणायला बाहेर गेले होते. कन्व्हर्टर माझ्या हातून निसटला, कडा चेपली. पहिलंच काम, हाकलून देतील. काकूंच्या गाडीचा जुना कन्व्हर्टर मापून पाहिला. दाते तेवढेच, व्यास तेवढाच. तोच बसवला. चेपलेला कोपऱ्यातल्या भंगाराच्या पिंपात टाकून वर चिंध्या घातल्या. संध्याकाळी मिस्त्रींनी गाडी फिरवून पाहिली आणि माझी पाठ थोपटली. काकूंनी आग्रहाने वाढलं. अर्ध्या ताटावरून उठलो.

९ मार्च
काकू म्हणतात, सिग्नलला ब्रेक दाबला तरी गाडी ओढते, कुणाला तरी शोधत असल्यासारखी. मिस्त्री म्हणाले, नवीन बॉक्स आहे, सवय होईल. मी मान डोलावली.
पिंपात हात घालून पाहिला. कन्व्हर्टर गरम होता.

११ मार्च
काकू मुलांना घेऊन निघाल्या की पिंप घुमू लागतं. परतल्या की थांबतं. कन्व्हर्टरमधलं तेल मी स्वतः निथळून काढलं होतं. आज चिंध्या लाल तेलाने भिजल्या होत्या. ताजं तेल.
सांगायला गेलो, तर मिस्त्री गिऱ्हाइकाला सांगत होते की पोरगा हाताचा चोख आहे. तसाच मागे फिरलो.

१३ मार्च
कन्व्हर्टर भंगारवाल्याला देऊन टाकला. ती अपघातातली गाडी कोण चालवत होतं, विचारलं. म्हणाला, कुणीच नाही. उभी होती, आपणहून निघाली.
दुपारी काकूंची गाडी रस्ता सोडून भंगारवाल्याच्याच फाटकावर आदळली. एका मुलीच्या कपाळाला टाके पडले. काकू रडत होत्या, माझाच पाय चुकला म्हणत होत्या. मी त्यांना पाणी दिलं. फक्त पाणी.

१४ मार्च
कन्व्हर्टर परत आणला. माळ्यावर, अंथरुणाशेजारी ठेवलाय. मिस्त्रींनी गाडी तपासली, दोष सापडला नाही. काकू आता मिस्त्रींकडेही बघत नाहीत.
उद्या सांगणार. नक्की.

१५ मार्च
सांगितलं. सगळं. मिस्त्री बाहेर धावले. काकू मुलांना घेऊन निघाल्या होत्या —

कन्व्हर्टर फिरतोय. जोरात.

माळ्याच्या खिडकीतून दिसतंय. गाडी वळली. इकडेच. काकू दोन्ही पाय ब्रेकवर — मागे मुलं — मिस्त्री हात पसरून आडवे उभे. ते नकोत तिला. हा कन्व्हर्टर हवाय.

बाहेर फेकायला उचलला. उजवा हात चिकटलाय, सुटत नाही. डाव्याने लिहितोय. कुणाला तरी कळायला हवं. काकूंचा पाय चुकला नव्हता. मी —